कोसळते ते विमान नव्हे

'क्रॅश' हा शब्द मराठीत आला तो दोन अर्थ घेऊन. विमान कोसळते तोही क्रॅश, आणि संगणकावरील एखादी आज्ञावली चालता चालता मध्येच बंद पडते तोही क्रॅश. फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर विमान चालवण्याचा अनुभव देणारी आज्ञावली, वापरणाऱ्यांना हे दोन अर्थ कटाक्षाने वेगळे ठेवावे लागतात. पहिल्यात विमान पडते आणि दोष बहुधा चालवणाऱ्याच्या हाताचा असतो. दुसऱ्यात विमान सुखरूप असते. त्याच्या भोवतीचे आकाश, समुद्र आणि धावपट्टी मात्र एका क्षणात नाहीशी होतात. पडद्यावर उरते एक चौकट. काहीतरी बिघडले आहे एवढे ती सांगते. कोणामुळे, ते सांगत नाही. या दुसऱ्या प्रकाराविषयी आम्हांला लिहायचे आहे, कारण त्यात दोष ठरवण्याचा प्रश्न आहे, आणि तो संगणकापुरता नाही.

आम्ही दोघेही सिंधुदुर्गात मराठीचे अध्यापन करतो. विमानांचे वेड मात्र जुने, आणि संगणकही जुनाच. त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरची २००६ साली आलेली 'फ्लाइट सिम्युलेटर एक्स' ही आवृत्तीच आमच्याकडे चालते. आमच्या जिल्ह्यात प्रवासी विमान उतरू लागले ते ९ ऑक्टोबर २०२१ पासून. वेंगुर्ले तालुक्यातील परुळ्याजवळच्या चिपीच्या सड्यावर, तांबड्या कातळात, अडीच हजार मीटरची धावपट्टी तयार झाली आणि मुंबईहून अलायन्स एअरचे एटीआर ७२-६०० हे पंख्यांचे विमान तेथे उतरले. पुढे या सेवेत खंडही पडला. २००६ च्या आज्ञावलीत हा विमानतळ असणे शक्यच नव्हते, आणि हे विमानही नव्हते. ज्याला चिपीला उतरायचे असेल त्याला दोन्ही गोष्टी बाहेरून आणून जोडणे भाग होते.

अशा जोड-विमानांचे जग मोठे मौजेचे आहे. जगभरचे हौशी लोक रात्री जागून ती तयार करतात आणि पुष्कळदा फुकट वाटतात. संगणकाच्या दृष्टीने विमान म्हणजे एक फोल्डर. त्यात बाह्याकृतीची फाईल, रंगरूपाची चित्रे, आवाज, उड्डाणाचे गुणधर्म सांगणारी आकडेवारी आणि वैमानिकासमोरच्या तबकड्यांची यादी, असे वेगवेगळे भाग असतात. ते सगळे एकाच हाताने घडवलेले असतातच असे नाही. एकाने आकृती करावी, दुसऱ्याने रंगवावी, तबकड्या तिसऱ्याच्या जुन्या विमानातून घ्याव्यात, असा प्रकार सर्रास चालतो. २००३ च्या आवृत्तीसाठी लिहिलेली तबकडी २००६ च्या आवृत्तीत बसवली, तर ती पुष्कळदा बिनतक्रार चालते. कधी मात्र चालत नाही.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने चिपीचा विमानतळ स्वतः तयार केला होता. प्रत्यक्ष जाऊन छायाचित्रे काढून, कातळाचा रंग जुळवून, कित्येक महिने खपून. आम्ही आणि त्याचे चार-सहा मित्र तो वापरू लागलो, आणि एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. एटीआर घेऊन पश्चिमेकडून, समुद्रावरून चिपीकडे उतरू लागले, की डाव्या हाताला मालवण आणि उजव्या हाताला निवतीच्या समुद्रातले दीपगृह अशा टापूत सगळे बंद पडे. प्रत्येक वेळी, जवळपास त्याच ठिकाणी. आमच्या आवृत्तीतल्या त्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्लाही नाही. तो आपण मनाने तेथे ठेवायचा. पण विमान अडखळायचे ते मात्र नेमके तेथेच. "राखणदाराक नारळ दिलास काय?" अशी थट्टा मित्रांत सुरू झाली. थट्टेमागचा निष्कर्ष गंभीर होता: विमानतळ जवळ आला की क्रॅश होतो, म्हणून दोष विमानतळाचा. मुलाने तो मान्यही करून टाकला. "सर, मॅडम, माझोच विमानतळ वायट असतलो. काडून टाकतंय," तो म्हणाला.

आम्ही त्याला थांबायला सांगितले. जवळ असणे म्हणजे कारण असणे नव्हे, हे कोणत्याही चिकित्सेचे पहिले सूत्र आहे. विंडोज प्रत्येक क्रॅशची नोंद ठेवते आणि तीत कोणत्या फाईलपाशी काम थांबले त्याचे नाव असते. आमच्या नोंदीत सिम्युलेटरच्याच एका मूळ फाईलचे नाव होते. पण ही नोंद वाचतानाही सावध राहावे लागते. भिंत जेथे पडली ती जागा नोंदीत कळते. पाया कोणी उकरला ते कळत नाही. सदोष तबकडीने चुकीची मागणी केली आणि ती पुरवताना मूळ फाईल कोलमडली, तरी नाव मूळ फाईलचेच येते.

म्हणून साधी अदलाबदल केली. विमानतळ तोच ठेवून सिम्युलेटरसोबत आलेले मूळचे विमान तीन वेळा चिपीला नेले. तिन्ही वेळा ते निर्विघ्न उतरले. मग एटीआर घेऊन गोव्यात दाबोळीला गेलो. त्या टापूत आमच्याकडे काहीही बाहेरचे जोडलेले नव्हते, आणि तेथे क्रॅश झाला. विमानतळ निर्दोष ठरला. दोन्हीकडे समान होती ती जागा नव्हे, उंची. नेहमीच्या तीन अंशांच्या उतारावर विमान दर सागरी मैलाला सुमारे ३०० फूट खाली येते. म्हणजे अडीच हजार फुटांवर ते धावपट्टीपासून आठ-एक सागरी मैल दूर असते. चिपीच्या पश्चिमेला आठ सागरी मैल म्हणजे मालवण आणि दीपगृह यांच्यामधला तोच समुद्र. राखणदार बिचारा उगाच गोवला गेला होता.

उरले विमानाच्या आत शोधणे. तबकड्यांच्या यादीत ३२ ओळी होत्या. ओळीच्या आरंभी दोन तिरक्या रेघा दिल्या, की सिम्युलेटर ती वाचत नाही. ओळ मात्र जागेवर राहते. १६ ओळी अशा झाकल्या, उड्डाण केले. मग उरलेल्या संशयितांपैकी ८, मग ४. दोषी एकच असेल, तर ३२ जणांतून तो शोधायला पाच फेऱ्या पुरतात. एकेक तपासायचे म्हटले तर एकतीस लागल्या असत्या. पाचव्या फेरीत सापडली ती तबकडी उतरताना जमिनीपासूनची उंची मोठ्याने पुकारणारी होती. तिची पहिली हाक अडीच हजार फुटांवर असे, आणि ती देताना ती जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या ध्वनीच्या भागाला साद घाली. अपघात टाळण्यासाठी बसवलेली हाकच क्रॅशचे कारण होती.

सगळेच क्रॅश असे नसतात. ३२ बिटांच्या आज्ञावलीला, संगणकात कितीही स्मृती असली तरी, जास्तीत जास्त चार गिगाबाइटच वापरता येतात. भरजरी चित्रांचे विमान ती मर्यादा भरून टाकते आणि उतरतानाच सगळे बंद पडते. तेथे चित्रांचा आकार कमी करणे हाच उपाय. २०२० मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीतही मूळ रीत बदललेली नाही: बाहेरून आणलेले सगळे बाजूला ठेवा, मूळ चालते का पाहा, मग निम्मे निम्मे परत आणा.

ही रीत आम्हां मराठीच्या माणसांना परकी वाटली नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रतींतले अपपाठ दूर करून शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा प्रश्न हाच होता: मूळचे कोणते आणि मागाहून जोडलेले कोणते? पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी दिला. मूळ संहितेत न बसणारे श्लोक तिच्या संपादकांनी नष्ट केले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले. कारण प्रक्षेप करणाराही बहुधा ग्रंथावर प्रेम करणाराच असतो. त्याची भर त्याच्या काळाला शोभणारी असते. दुसऱ्या काळाच्या संहितेत मात्र ती खटकते.

त्या तबकडीची ओळ आम्ही पुसली नाही. ती दोन तिरक्या रेघांमागे आहे. कोणा अनोळखी माणसाने ती आपल्या काळच्या यंत्रासाठी नीटच लिहिली होती, आणि तिला साजेसा ध्वनीचा भाग कोणी लिहिलाच तर ती पुन्हा बोलू लागेल. तोवर एटीआर चिपीला मुक्याने उतरते. विद्यार्थ्याचा विमानतळ जागच्या जागी आहे. त्याने त्यात आता पावसाळ्यातला हिरवा सडाही करायला घेतला आहे.