सहा महिन्यांचे बिऱ्हाड

विमानाने परदेशी जाणाऱ्याला सामान तोलून घ्यावे लागते. बऱ्याच विमान कंपन्या एका पिशवीला २३ किलोची मर्यादा घालतात. आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या सामानाला काटा नाही, पण मर्यादा आहेच. एका ट्रॉलीत चार-पाच बिऱ्हाडे बसतात. ज्याच्या वाट्याला जो कोपरा येईल, त्यात त्याने सहा महिन्यांचा संसार मावून घ्यायचा.

दसरा सरला की पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांतल्या वाड्या-वस्त्यांवर बांधाबांध सुरू होते. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट अधिकच रुळली. कोणी सांगली-कोल्हापूरकडे जातो, कोणी पुणे-सोलापूरकडे, तर कोणी कर्नाटकात बेळगावच्या बाजूला. मुलूख बदलतो, बोली बदलते. सामान मात्र सगळ्यांचे सारखेच.

शिरूर तालुक्यातल्या एका वस्तीवर अशीच बांधाबांध पाहिली. पत्र्याच्या पेटीत कपडे. पोत्यात बाजरीचे पीठ, डाळ, कांदे. तवा, काठवट, हंडा. कोपीवर टाकायला ताडपत्री, चार गोधड्या, दोन कोयते आणि धार लावायला कानस. पाटा-वरवंटा जड, म्हणून तो घरीच. त्यासाठी तिखट आधीच कुटून ठेवलेले. शेळी मात्र बरोबर, कारण तिथे वाढ्यांना तोटा नाही आणि बारक्याच्या दुधाची सोय होते.

घरच्या कर्त्या बाईने एक प्लास्टिकची पिशवी पेटीच्या तळाशी ठेवली. तीत रेशनकार्ड, आधारकार्डे, बारक्याच्या लसीचे कार्ड आणि उचलीची वही. सगळ्यांत हलकी वस्तू हीच, पण विसरली तर सगळ्यांत महाग पडणारी. रेशनकार्ड आधारला जोडलेले असले तर धान्य दुसऱ्या जिल्ह्यात मिळते, परराज्यातही मिळते. आणि उचल किती घेतली, ऊस किती टन तोडला, हे आपल्या वहीत नसेल तर मुकादम सांगेल तोच हिशेब.

शेवटी चौथीतली मुलगी दप्तर घेऊन आली. बाप म्हणाला, "दप्तर कशाला? जागा न्हाई."

ओट्यावरून आजी म्हणाली, "मग दप्तर बी हितंच ऱ्हाऊ दे, अन् पोरगी बी."

"अन् बारक्याला फडात कोन संभाळील?"

यावर कोणाजवळ उत्तर नव्हते. थोड्या वेळाने आईच उठली. बांधलेल्या गाठोड्यातून तिने मुलीची गोधडी ओढून काढली आणि सासूच्या हाती दिली. "बारक्याला मी फडात झोळी बांधीन," एवढेच म्हणाली.

मागे राहणाऱ्या मुलांसाठी कित्येक गावांत शाळेमार्फत हंगामी वसतिगृहाची, म्हणजे दोन वेळच्या जेवणाची सोय होते. गाडी निघण्याच्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा दसऱ्यापूर्वीच मुख्याध्यापकांना भेटून नाव द्यावे. घरी आजी-आजोबा असतील तर पोर रात्री त्यांच्यापाशी राहते, आणि शाळा सुटत नाही.

काय बरोबर न्यायचे हे आपल्या बायाबापड्यांना कोणी शिकवायला नको. काय मागे ठेवायचे, याचा विचार मात्र गाडी दारात येण्याआधी घरात बसून व्हावा. ट्रॉली हलली तेव्हा ती मुलगी आजीच्या पदराला धरून उभी होती, आणि दप्तर तिच्या पाठीवरच होते.