धोबी तलावची गिटार

भाच्याला घेऊन धोबी तलावला गेलो. 1865 सालचं फुर्टाडोज याच भागातलं. आम्ही गल्लीतल्या एका छोट्या दुकानात शिरलो. खिशात 18,000 रुपये, त्याच्या अम्मीने शिलाईतून जमवलेले.

"मामू, हीच!" चकचकीत लाल गिटारीपाशी तो अडला.

दुकानातल्या वयस्क कारागिराने आधी दांडी डोळ्यांसमोर धरून सरळ आहे का ते पाहिलं. मग प्रत्येक पडद्यावर तार दाबून छेडली. लाल गिटार खरखरली. साध्या काळीचा सूर स्वच्छ. बाराव्या पडद्यावर मोकळ्या तारेचाच सूर, नेमका एक सप्तक वर! ती 11,000 ला मिळाली. अॅम्प्लिफायरविना इलेक्ट्रिक गिटार जवळजवळ मुकीच; तो 6,000 ला घेतला.

उरलेले हजार रुपये भाच्याने अम्मीसाठी जपून खिशात ठेवले.