जेराल्डीनची बाजू

सिस्टर जेराल्डीन या नावाचा मला बरीच वर्षं राग होता. पंडिता रमाबाईंवर जीव असणाऱ्या बहुतेकांना तो येतो. रमाबाई इंग्लंडला गेल्या, वाँटेज गावी सेंट मेरी द व्हर्जिनच्या भगिनींकडे राहिल्या, तिथेच बाप्तिस्मा घेतला, आणि मग या एका सिस्टरने पत्रांमागून पत्रं लिहून त्यांना आज्ञापालनाचे धडे दिले. त्या पत्रांतला सूर वाचताना अंगाचा तिळपापड होतो. आईवडील दुष्काळात गमावलेली, भावाबरोबर देशभर पायी फिरलेली, कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला ‘सरस्वती’ म्हटलं, ती पंचविशीची बाई. आणि तिला नम्रता शिकवणार कोण, तर जेराल्डीन!

आज तो राग उरलेला नाही. वादात रमाबाईच बरोबर होत्या असं मला आजही वाटतं, एकेक मुद्दा घेतला तरी वाटतं. तरीही राग गेला. तो कसा गेला ते सांगायचं आहे.

मी ख्रिस्ती घरात वाढले. आमच्याकडे रमाबाईंच्या परदेशप्रवासाची गोष्ट फार थोडक्यात सांगत: बाई विलायतेला गेल्या, प्रभूला ओळखलं, परत येऊन मुक्ती मिशन काढलं. शाळेत आणि पुढे कॉलेजात हीच गोष्ट उलट्या बाजूने कानावर आली: बाई गेल्या आणि बाटल्या. दोन्हीकडे मधली वर्षं गायब. 20 एप्रिल 1883 ला मुंबईहून निघालेली ही बाई भारतात परतली ती 1889 च्या फेब्रुवारीत. जवळजवळ सहा वर्षं ती लोकांच्या घरांत, मठांत, वसतिगृहांत पाहुणी म्हणून राहिली. तिथे काय खाल्लं, कुणाशी बोलली, कुणाशी भांडली, मिंधेपण कसं सोसलं, हे कुणी सांगितलंच नाही.

जाताना त्यांचा विचार वैद्यक शिकण्याचा होता. वाँटेजच्या भगिनींशी ओळख पुण्यातच झालेली, कारण त्यांचं काम पुण्यात चालू होतं. ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या पुस्तकाच्या पैशांतून रमाबाईंनी प्रवासखर्च उभा केला. राहण्याजेवणाची सोय भगिनींनी करायची आणि त्या बदल्यात पुण्याला जाणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवायचं, असं ठरलं. म्हणजे पाहुणचार फुकट घ्यायचा नाही, हे पहिल्यापासून पक्कं. बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत ही मैत्रीण. पुढे ऐकू कमी येतं म्हणून वैद्यकाचा नाद सोडावा लागला. 29 सप्टेंबर 1883 ला माय-लेकींचा बाप्तिस्मा झाला.

त्याच एप्रिलात, काही दिवस आधी, कलकत्त्याहून आणखी एक मराठी बाई बोटीत बसली होती. रमाबाईंच्या नात्यातली. डॉक्टर आनंदीबाई जोशी. त्या न्यू जर्सीतल्या रोसेल गावी थिओडोसिया कार्पेंटर यांच्या घरी उतरल्या, आणि कार्पेंटर मावशींवर महाराष्ट्राने मनापासून प्रेम केलं. करावंच. आनंदीबाईंच्या अस्थी त्यांनी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या. मग जेराल्डीनवर का नाही? मनोरमा तिला ‘आजीबाई’ म्हणे आणि रमाबाईही पत्रांत तिला त्याच नावाने हाक मारत. मावशी आपल्याला चालते, आजीबाई चालत नाही, याचं कारण मी पुष्कळ दिवस अगदी सरळ समजत होते: मावशीने धर्म बदलायला लावला नाही, आजीबाईने लावला.

पत्रं वाचायला घेतली तेव्हा दिसलं की भांडण बाप्तिस्म्यानंतर पेटलंय. पोरगी ख्रिस्ती झाली आणि तरीही ऐकेना, हे वाँटेजचं दुःख. मांस, मासे, अंडी रमाबाई खात नसत; वाँटेजला त्यात जातीचा ताठा दिसे. रमाबाईंचं उत्तर असं की मी हिंदू आहे, पूर्वजांच्या चालीरीती जमेल तितक्या पाळणार. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं का असावीत, संस्कृत का नकोत, असं त्यांनी विचारलं. एकाच देवात तीन व्यक्ती, ही त्रैक्याची शिकवण गळी उतरेना तर तसं लिहून मोकळ्या झाल्या. मनोरमेला कोणत्या उपासनेला न्यायचं आणि काय शिकवायचं यावर तर फार कडवट पत्रं आहेत. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्या हाताखाली त्या शिकत आणि शिकवत होत्या. तिथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला, आणि मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. भर सभेत पुरुषांपुढे व्याख्यानं दिलेल्या बाईला हे सांगायचं! रमाबाईंनी जे लिहिलं त्याचा मथितार्थ इतकाच की एका पुरोहितशाहीचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, दुसरं चढवून घेणार नाही. ते वाचताना मी दर वेळी मनातून टाळ्या वाजवल्या. आजही वाजवते.

मग आमच्याकडे एक मुलगी राहायला आली. जिवलग मैत्रिणीची लेक, शिकायला आमच्या शहरात आलेली. गुणी, हुशार, मला फार आवडणारी. ती जेवायला वेळेवर येईना, केलेलं खाईना. रविवारी आमच्याबरोबर न येता दुसऱ्याच मंडळीच्या उपासनेला जाऊ लागली. मला ते लागलं. ती चुकतेय असं वाटण्यापेक्षा हिच्या आईला मी काय तोंड दाखवू, ही धास्ती मोठी होती. बोलायला जावं तर तोंडातून शिस्तीच्याच गोष्टी निघत. प्रेम होतंच, त्याला दुसरी भाषा येत नव्हती. त्या काळात एकदा वाँटेजची पत्रं परत उघडली आणि या खेपेस जेराल्डीनची आधी वाचली.

तिच्या मानेवर किती जण बसले होते ते तेव्हा दिसलं. मठाची मदर, धर्मगुरू कॅनन बटलर, भारतातले बिशप, पुण्यातलं मिशन. हिंदुस्थानातली सर्वांत विद्वान बाई तुमच्या हाती दिलीय, आता तिचं काय करताय ते आम्ही पाहतोय, असं सगळे म्हणत असणार. साम्राज्याची गुर्मी त्या पत्रांत आहे, नाही कोण म्हणतं? पण तेवढीच नाही. एका बाईची चिंता आहे, उत्तर यायला उशीर झाला की होणारा जीवाचा आटापिटा आहे, लहान मनोरमेच्या तब्येतीची काळजी आहे.

आणि जी गोष्ट खरं तर पहिल्याच दिवशी लक्षात यायला हवी, ती शेवटी लक्षात आली. ही पत्रं माझ्यापर्यंत आली कशी? अ. भि. शहा यांनी संपादित केलेला हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1977 मध्ये छापला. पण त्यातली पत्रं जपली, गोळा केली, ओळीने लावली, त्यांना टिपा जोडल्या त्या सिस्टर जेराल्डीननेच. रमाबाईंची सगळ्यांत धारदार वाक्यं तिच्याच विरुद्ध लिहिलेली होती, आणि ती तिने ठेवली. एखादं पत्र चुलीत घालायला कितीसा वेळ लागतो? मठात तिला कोण विचारणार होतं? आपण ज्या रमाबाईंना स्वाभिमानी, बंडखोर, साम्राज्याच्या चर्चला जाब विचारणारी म्हणून आज डोक्यावर घेतो, त्या रमाबाई आपल्याला दिसतात त्या बऱ्याच अंशी जेराल्डीनच्या पेटाऱ्यातून. तिच्या टिपा कुठे कुठे कडक आहेत, त्यांत रमाबाईंवर गर्वाचा ठपकाही आहे. तरी वाचणाऱ्याला रमाबाईंची बाजू घेता येईल इतकं सगळं तिने समोर ठेवलंय. माझा राग गेला तो इथे.

एक गोष्ट मात्र मी सोडू शकत नाही, आणि ती जेराल्डीनच्या नावाने पुसलीही जात नाही. आनंदीबाई भगत. त्या वाँटेजलाच वारल्या. विष घेऊन त्यांनी जीव दिला. बाटवले जाऊ या भीतीने त्यांच्या मनाचा तोल गेला, असं सांगतात. त्यानंतर रमाबाई ऑक्सफर्डला मॅक्स म्युलर यांच्याकडे राहिल्या तेव्हा इतक्या भेदरलेल्या होत्या की रात्री त्यांच्या खोलीत मोलकरणीला झोपवावं लागे, असं म्युलर यांनी लिहून ठेवलं आहे. परक्या देशात, परक्या छपराखाली, आपल्या भाषेची एकुलती एक सोबतीण अशी गेली. मठातल्या कुणी जबरदस्ती केली नसेलही. पण आपल्या घरात पाहुणीला इतकी भीती वाटतेय हे यजमानाला कळू नये? आमच्या ख्रिस्ती घरांतल्या गोष्टीत आनंदीबाई भगतचं नाव मी कधीच ऐकलं नाही. ते ऐकायला हवं होतं.

आणि त्याच भगिनींनी रमाबाईंना फुलहॅमला नेलं. लंडनच्या त्या भागात वाट चुकलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांना त्या सांभाळत. आपल्याकडे अशा बाईच्या सावलीलाही कुणी उभं राहत नसे. इथे त्यांना जेवू घालत होत्या, काम शिकवत होत्या, त्यांच्याशी बोलत होत्या. तिथे एका सिस्टरने बायबलमधली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत हे स्वतः लिहिलंय. केडगावच्या मुक्ती मिशनात अशाच बायकांसाठी जे कृपासदन निघालं, त्याचं बीज मला फुलहॅममध्ये दिसतं. पाहुणी म्हणून गेलेल्या घरात वाद घालता घालता रमाबाई त्या घरातली चांगली गोष्ट उचलून घेत होत्या. हे पुण्यात बसून झालं नसतं. रमाबाई परतल्यानंतर, 1890 साली, पुण्यातल्या ख्रिस्ती पंचहौद मिशनमधल्या एका कपभर चहाने टिळक-रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं बालंट, आणलं. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचेच यजमान, त्यांनी चहा पिणाऱ्यांची यादी छापून दिली होती. अशा काळात रमाबाई ख्रिस्ती लोकांच्या ताटाला ताट लावून वर्षानुवर्षं जेवल्या होत्या. जेवल्या, आणि तिथे बसूनच ‘नाही’ म्हणाल्या.

1886 च्या फेब्रुवारीत त्या मनोरमेला घेऊन अमेरिकेला निघाल्या. 11 मार्चला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींना पदवी मिळाली, तेव्हा डीन रेचल बॉडली यांच्या आमंत्रणावरून रमाबाई हजर होत्या. वाटलं होतं त्यापेक्षा मुक्काम खूप लांबला, व्याख्यानांसाठी गावोगाव फिरणं आलं. पाच वर्षांच्या मुलीला बरोबर ओढत नेणं शक्य नव्हतं. मनोरमेला कुठे ठेवावं?

त्यांनी तिला परत वाँटेजच्या भगिनींकडे पाठवलं. तिच्या धर्मशिक्षणावरून ज्यांच्याशी पत्रापत्री विकोपाला गेली होती त्यांच्याच हाती. मी पूर्वी याकडे नाइलाज म्हणून पाहत होते. अमेरिकेत रमाबाईंना घरं उघडणाऱ्या बायका थोड्या नव्हत्या; बोस्टनला तर पुढे त्यांच्या नावाची संस्थाच निघाली. तरी मुलगी त्यांनी आजीबाईकडे धाडली. रमाबाईंनी जेराल्डीनवर काय ठपका ठेवला होता ते आपण सगळे सांगतो, आणि विश्वास किती ठेवला होता ते सांगत नाही. मराठीत यापुढे जो कोणी या पत्रांवर लिहील त्याला माझी विनंती आहे: रमाबाईंची उत्तरं जरूर छापा, ठळक टाइपात छापा. पण जेराल्डीनची पत्रं आणि तिच्या टिपा गाळू नका.