बांध सरकवताना

गोष्ट २०२३ च्या दिवाळीची. पुण्याहून कराडला पोचलो, हातपाय धुतले, चहाचा पहिला घोट घेतला, तेवढ्यात बाबा म्हणाले, "तुझा तो सी ड्राइव्ह बघ रे जरा. महिनाभर लालच दिसतोय."

आमच्या घरात कुठलंही यंत्र बिघडलं की ते आपोआप माझं होतं. चालू असेल तोवर बाबांचं. :-)

लॅपटॉप २०१६ चा. पाचशे जीबीची हार्ड डिस्क (विंडोजच्या हिशोबाने ४६५). दुकानदाराने तेव्हा 'सोयीचं पडेल सर' म्हणून सी ला १०० जीबी आणि बाकी सगळं डी ला देऊन टाकलेलं. आता सी मध्ये दीड जीबी शिल्लक, विंडोज १० चं अपडेट तीनदा आपटलेलं, आणि डी मध्ये दीडशे जीबी मोकळे पडून. आधी झाडलोट केली. टेम्पररी फायली उडवल्या, हायबरनेशन बंद केलं, सात-आठ जीबी सुटले. म्हणजे फार तर संक्रांतीपर्यंतची सोय.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी दोन मिनिटं स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग अवघड काय आहे? बांध चार हात पलीकडे सरकव."

च्यायला, आयटीत पाच वर्षं काढून मला इतकं सोपं कधी सांगता आलं नव्हतं. पार्टिशन म्हणजे बांधच की. जमीन सलग एकच असते. डिस्कच्या सुरुवातीला एक छोटं टेबल असतं, सातबारा म्हणा हवं तर. कुठल्या सेक्टरपासून कुठल्या सेक्टरपर्यंत कोणाचं, एवढंच त्यात लिहिलेलं. तो सातबारा बदलायला सेकंदही लागत नाही. भानगड असते ती उभ्या पिकाची.

पार्टिशन उजव्या टोकाकडून लहान करणं त्या मानाने सोपं. त्या टोकाला ज्या थोड्याफार फायली असतील त्या अलीकडे आणायच्या आणि बांध आत घ्यायचा. पण आमचा सी डावीकडे, डी उजवीकडे. सी वाढवायचा तर डी ची डावी कड पलीकडे न्यायला हवी. फाइल सिस्टिम सगळी मोजणी स्वतःच्या सुरुवातीपासून करते. सुरुवातच सरकली की उभ्या पिकासकट अख्खं शेत उचलून पलीकडे लावावं लागतं, एकेक ब्लॉक करत. फिरत्या डिस्कवर पाच-सहा तास सहज. मध्येच लाइट गेली तर अर्धं शेत इकडे, अर्धं तिकडे, आणि सातबाऱ्याला पत्ता नाही. तेलही गेलं, तूपही गेलं...

त्यात सी आणि डी च्या मधोमध विंडोजचं अर्ध्या जीबीचं रिकव्हरी पार्टिशन. भाऊबंदाच्या चिंचोळ्या पट्टीसारखं. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट नावाचं फुकटचं साधन आहेच, २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टापासून त्यात पार्टिशन लहान-मोठं करता येतं. पण मोठं करायचं तर मोकळी जागा लगेच उजवीला, खेटून हवी. मध्ये पट्टी आली की 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' राखाडी. कितीही वेळा राइट क्लिक करा.

आता मी एवढा का घाबरतो, ते सांगतो.

२०१७, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, हॉस्टेल. रूममेटला उबुंटू हवं होतं आणि मी ब्लॉकमधला तज्ज्ञ (तज्ज्ञ म्हणजे, ज्याने हे एकदा केलेलं असतं तो). एक 'फ्री' पार्टिशन सॉफ्टवेअर उतरवलं. रंगीत पट्ट्या माउसने ओढल्या, सगळं सुंदर दिसलं, आणि 'अप्लाय' दाबल्यावर कळलं की हे काम फक्त प्रो आवृत्तीत होतं. पैसे भरायचा तर प्रश्नच नव्हता. दुसऱ्या विंगमधल्या एकाकडून क्रॅक आणला. तो चालला. बासष्ट टक्क्यांपर्यंत चालला. पुढे तासभर हलेना, तेव्हा मी पॉवरचं बटण दाबून धरलं.

त्या डिस्कवर त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो होते. दुसरी कॉपी नव्हती.

चार रात्री जागून बरेचसे परत मिळवले. टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही जोडगोळी तेव्हा भेटली, दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर. टेस्टडिस्क हरवलेला सातबारा शोधतं. तेही जमलं नाही तर फोटोरेक फाइल सिस्टिमकडे न बघता थेट मातीत हात घालून फोटो वेचतं. पण नावं आणि फोल्डर परत येत नाहीत. हळद, मुंडावळ्या, पंगत, पाठवणी, सगळं एका ढिगात. व्हिडिओ बहुतेक तुटलेले. मित्र काही बोलला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

असो.

तर 'फुकट ते पौष्टिक' या आपल्या राष्ट्रीय धोरणाला पार्टिशनच्या बाबतीत मी एक पोटनियम जोडलाय. कशासाठी फुकट, ते आधी बघायचं. काही सॉफ्टवेअर दुकानासमोरच्या चाखायच्या बाकरवडीसारखी फुकट असतात, खरा डबा विकत. त्यात वाईट काही नाही, धंदा आहे. पण हवं ते काम प्रोमध्येच आहे, हे अर्ध्या वाटेवर कळायला नको. दुसरी मुक्त असतात. जीपार्टेड त्यातलं. जीपीएल परवाना, कोड कुणालाही वाचायला खुला. २००४ पासून चालू आहे आणि १.० हा आकडा लावायला त्यांनी २०१९ उजाडू दिलं. पंधरा वर्षं शून्य पूर्णांक काहीतरी! आमच्या कंपनीत सेल्सवाल्यांनी दुसऱ्या आठवड्यातच २.० जाहीर केलं असतं.

दिसायला जीपार्टेड एकदम सरकारी. पण ते पेनड्राइव्हवरून स्वतंत्र बूट होतं, त्यामुळे विंडोज झोपलेलं असताना काम चालतं. तुम्ही काहीही ओढा-ताणा, ते फक्त यादीत लिहून ठेवतं. 'अप्लाय' म्हणेपर्यंत डिस्कला हात लागत नाही. एनटीएफएस लहान करायचं असेल तर आधी कोरडी तालीम घेतं, आणि तालमीत गडबड दिसली तर खऱ्या प्रयोगाला नकार देतं. विंडोज नीट बंद झालेलं नसेल तरी अडून बसतं. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन हे अर्धवट झोपणंच असतं, म्हणून ते बंद करून किंवा शिफ्ट दाबून धरून शटडाउन करायचं. हा नकार पहिल्यांदा बघितला की राग येतो. मला आता येत नाही.

(नवा लॅपटॉप असेल तर आधी बिटलॉकर चालू आहे का ते बघा. तो असताना जीपार्टेडला पार्टिशनचा आकार बदलता येत नाही. विंडोजमधून काही करायचं तरी ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी असू द्या.)

पण चांगलं अवजार मिळालं म्हणून डी ची डावी कड सरकवायची जोखीम कमी होत नाही. जीपार्टेडसुद्धा ते शेत एकेक ब्लॉक करूनच हलवणार. मग ठरवलं, हलवायचंच नाही. तसाही बॅकअप घ्यायचाच आहे. डी वरचं सगळं बाहेरच्या डिस्कवर घेऊ, डी पुसून टाकू आणि नव्याने आखू. पीक खळ्यावर आणून ठेवलं की रिकाम्या रानात बांध कुठेही घाला.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी फटाक्यांआधी एक टीबीची डिस्क आणली. कॉपी लावली. तासाभरात लाइट गेली, आणि लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे सगळं गप्प. बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी निवांत. कॉपी तुटली तरी मूळ प्रत जागेवर असते. लाइट आल्यावर पुन्हा लावली, या वेळी हॉलमधल्या इन्व्हर्टरच्या पॉइंटवर.

कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं मी धरत नाही. फायलींची संख्या जुळवली, मग मधल्याच कुठल्या कुठल्या फायली बाहेरच्या डिस्कवरून उघडून बघायला लागलो. बाबांचे पेन्शनचे कागद, गणपतीचे फोटो. 'आई' नावाच्या फोल्डरमध्ये ऑडिओ होत्या. एक लावली. आजी. २०१३ साली बाबांनी फोनवर रेकॉर्ड केलेल्या जात्यावरच्या ओव्या. आजी २०१५ ला गेली. तिसऱ्या ओवीच्या मध्येच तिचा आवाज वर चढतो, "अगं दूध बघ, उतू जातंय!" आणि पुन्हा त्याच पट्टीत पुढची ओळ.

मी विचारलं, "बाबा, ह्या अजून कुठे ठेवल्यात तुम्ही?"

"नाही. इथंच आहेत."

एकाच फिरत्या तबकडीवर. मी ते फोल्डर माझ्या लॅपटॉपवर घेतलं, पेनड्राइव्हवर घेतलं, आत्याला पाठवलं. मगच जीपार्टेड सुरू केलं.

पुढचं काम अगदीच नीरस झालं. विंडोजमधून 'रीएजंटसी' कमांडने रिकव्हरी आधीच तात्पुरती बंद केली होती. डी पुसला, मधली पट्टी शंभर जीबी उजवीकडे सरकवली, सी दोनशेचा केला, उरलेल्यात नवा डी. 'अप्लाय' दाबताना बोट थोडं थबकलं, खोटं का बोला. पाच मिनिटांत आटोपलं. पहिल्यांदा बूट होताना विंडोजने चेकडिस्क काढली. एनटीएफएसचा आकार बदलला की ती निघतेच. रिकव्हरी परत चालू केली, डेटा परत आणला. फोल्डरांची नावं जशीच्या तशी.

बाहेरची डिस्क आता बाबांच्या कपाटात असते, शेताच्या कागदांच्या पिशवीत. कालनिर्णयवर दर अमावास्येच्या चौकोनात त्यांनी बारीक अक्षरात 'कॉपी' लिहून ठेवलंय, दुधाच्या हिशोबाच्या खाली.