काळ्यावर पांढरं

फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस, कार्तिकात गंगाखेडला गोदेचा घाट, मधे एखाद्या रविवारी चारठाण्याची मंदिरं, नाही तर जिंतूरजवळचा नेमगिरीचा डोंगर. आमच्या जिल्ह्यात कॅमेरा बाळगणाऱ्याची ही ठरलेली वारी. मीही ती अकरा वर्षं केली. उरसातल्या आकाशपाळण्याचे फोटो माझ्याकडे इतके आहेत, की कुठला कोणत्या सालचा हे मलाच सांगता येत नाही.

मग एका पावसाळ्यात झूम लेन्सला बुरशी लागली. दोष माझाच. दोन महिने ती चामड्याच्या बॅगेत, बॅग कपाटात. काढून उजेडात धरली तर आत कोळिष्टकासारखे बारीक धागे. लेन्स दुरुस्तीला पुण्याला गेली आणि माझ्याकडे उरलं 50 एमएमचं साधं भिंग. त्यात लांबचं जवळ येत नाही आणि उरसाची गर्दी मावत नाही.

मी परभणी-मानवत अपडाऊन करतो. तीसेक किलोमीटर, मोटारसायकलवर, रोज. या रस्त्याचा एकही फोटो मी कधी काढला नव्हता. पुण्याचा मित्र विचारायचा, तुमच्याकडे काढण्यासारखं आहे तरी काय? मी ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणून वेळ मारून न्यायचो. मनातून मलाही त्याचं पटत होतं.

मानवत हे कापसाच्या बाजाराचं गाव. दिवाळीनंतर कापूस भरलेले टेम्पो आणि ट्रॅक्टर या रस्त्यानं ओळीनं जातात, बाजूंनी कापूस भसाभसा बाहेर आलेला. रस्त्याकडेच्या बाभळी त्यातला थोडा ओरबाडून ठेवतात. डिसेंबरातल्या एका सकाळी, साडेसातच्या सुमारास, गाडी पंक्चर झाली म्हणून थांबलो. समोरच्या बाभळीच्या प्रत्येक काट्याला कापसाचं एकेक बोंदरं लटकलेलं. मागून ऊन आलेलं, त्यामुळे तंतू न् तंतू पेटल्यासारखा. ही बाभूळ दरसालची, आणि मी रोज तिच्या समोरून जाणारा.

बैलं घेऊन चाललेले एक मामा थांबले. “काय काढायलाव सर? काट्याचे फोटो?”

“हो मामा.”

“काढा काढा. काट्यावालं कुणी नेत न्हाई.”

घरी येऊन कॉम्प्युटरवर पाहिलं तर सगळं फसलेलं. त्याचं कारण समजायला मला आठवडा लागला. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं जग सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. चौकटीत कापूस जास्त असला की ते उजेड कमी करतं आणि कापूस मळका दिसतो. माती जास्त असली की उजेड वाढवतं. काळी माती राखेसारखी होते आणि कापसाचा नुसता पांढरा डाग उरतो, तंतू गायब. म्हणजे आमच्या शिवारात जे दोन रंग सगळ्यात जास्त, नेमके त्याच दोघांत यंत्र चुकतं. अकरा वर्षं मी राखाडी मातीचे फोटो काढत होतो आणि मला ते खटकलंही नव्हतं, याची लाज वाटली. उपाय सोपा निघाला. स्पॉट मीटर कापसावर धरायचं, दीड स्टॉप वाढवायचा, मातीकडे बघायचंच नाही. ती आपोआप काळी येते.

मग रोज वीस मिनिटं लवकर निघू लागलो. प्रागच्या योसेफ सुडेकनं 1940 पासून कित्येक वर्षं आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो काढले, तेही पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावल्यावर. हे वाचलं तेव्हा मला तो हट्टीपणा वाटला होता. माझी तर एक बाभूळच होती. धुक्यात तिचं काही दिसायचं नाही, फक्त ठिपके दिसायचे. संक्रांतीपर्यंत कापूस धुळीनं तांबूस झाला. एकदा चिमणी त्यातला पुंजका ओढताना दिसली, पण माझा हात हलला.

बाभळीखालच्या हरभऱ्याला पाणी सुरू होतं त्या दिवशीचा एक फोटो मात्र जमला. ओल्या ढेकळांवर गळून पडलेला मूठभर कापूस, बाकी काही नाही. त्याची मोठी प्रिंट काढून गावाकडे नेली. वडिलांनी चष्मा पुसला, प्रिंट दाराच्या उजेडात धरली. कापसाकडे त्यांनी पाहिलंच नाही. बोट ठेवलं ते खालच्या ढेकळावर.

“कालच पाणी दिल्यालं दिसायलंय,” ते म्हणाले. “वाफसा न्हाई आला अजून.”