साखरेवाचून गोडी

आम्हां मराठी लोकांच्या संसारात साखरेने जेवढे स्थान मिळवले आहे, तेवढे दुसऱ्या कोणत्या पदार्थाने क्वचितच मिळवले असेल. विवाह ठरला की साखरपुडा. परीक्षेचा निकाल लागला की हातावर साखर. संक्रांतीस तर तिळगूळ देऊन गोड बोलण्याची आज्ञाच! आनंद म्हणजे तोंड गोड करणे, हे समीकरण आपल्या भाषेत इतके मुरले आहे की, ज्यास वैद्याने साखर वर्ज्य सांगितली, तो केवळ एका पदार्थास नव्हे, तर घरच्या अर्ध्याअधिक आनंदास मुकतो. मधुमेहाची ही बाजू वैद्यकग्रंथांत आढळावयाची नाही. परंतु ज्याच्या घरी असे माणूस आहे, त्यास ती नित्य दिसते.

आमच्या थोरल्या भगिनी आक्का गेली कित्येक वर्षे आमच्यापाशीच राहतात. त्यांस मधुमेह जडल्यापासून त्यांचा चहा निराळ्या पातेलीत होऊ लागला. त्याविषयी त्यांनी कधी तक्रार केली नाही. एकदा मात्र त्या सहज म्हणाल्या, "चहा कडू लागतो म्हणून नाही रे, पण माझा कप दुरूनच ओळखू येतो." त्यांचे हे बोल आमच्या मनास लागून राहिले. उणीव गोडीची नव्हती, पंक्तीची होती.

पुढे एका रोपवाटिकेतून आम्ही 'गोड तुळस' या नावाने विकले जाणारे एक रोप घरी आणले. हिचे शास्त्रीय नाव स्टीव्हिया रेबाउडियाना. तुळशीशी हिचा काही संबंध नाही. ही सूर्यफुलाच्या व शेवंतीच्या कुळातली. हिचे माहेर दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वे देशात. तेथील ग्वारानी लोक ही पाने आपल्या 'माते' नावाच्या कडसर पेयात पूर्वापार घालीत आले आहेत. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या मोइसेस बेर्तोनी या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९९ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. आणि १९३१ साली ब्रिदेल व लाव्हिएल या दोघा फ्रेंच रसायनज्ञांनी तिच्यातील मधुर द्रव्य वेगळे काढले. ही शुद्ध सत्त्वे साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड असतात. तथापि ती साखरेप्रमाणे पचून रक्तात उतरत नाहीत; मोठ्या आतड्यातील जंतू त्यांचे विघटन करतात व जो अंश शरीरात शोषला जातो, तो अखेर मूत्रावाटे बाहेर पडतो. आमच्या सह्याद्रीत गुळमार नावाची वेल आहे. तिचे पान चघळले असता काही वेळ साखरही गोड लागत नाही. एक पान नसलेली साखर दाखवते, दुसरे असलेली लपवते! जिभेच्या साक्षीवर किती विश्वास ठेवावा, याचा यावरून वाचकांनीच विचार करावा.

बियांपासून हे रोप उगवेलच अशी शाश्वती नसते. म्हणून फांदीचे तुकडे लावणे बरे. कुंडीत पाणी साचू देऊ नये. दिवस लहान झाले की या झाडास कळ्या धरतात आणि आपल्याकडे तर ते वरचेवर फुलावर येते. फुलू दिल्यास पानांतील गोडी उतरते. यास्तव कळी दिसताच शेंडा खुडावा. पानांचा साठा करावयाचा तर पावसाळी दिवस टाळावेत. कारण पाने रेंगाळत वाळली म्हणजे काळवंडतात व त्यांची गोडीही घटते. स्वच्छ ऊन पडलेल्या दिवशी सकाळी फांद्या कापून धुवाव्या, पाणी निथळू द्यावे व वारा खेळेल अशा सावलीत पंचावर त्या विरळ पसराव्या. पाने बोटांत चुरचुरू लागली की देठ टाकून ती काचेच्या कोरड्या बरणीत भरावी, झाकण घट्ट लावावे आणि बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवावी. पूड मात्र लागेल तेवढीच करावी. चहाबरोबर थोडी पाने उकळली तरी पुरे होते. हात सैल सुटला की ज्येष्ठमधासारखी कडवट चव जिभेवर रेंगाळत राहते.

आमच्या घरी आता चहाची पातेली एकच आहे. चिरंजीवांनी प्रथम नाके मुरडली, पण हळूहळू तेही सरावले. आक्कांचे औषध व रक्ततपासणी पूर्ववत चालू आहेत. हे पान म्हणजे औषध नव्हे, याविषयी घरात कोणास भ्रम नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ साली शुद्ध केलेल्या सत्त्वास हरकत घेतली नाही. कच्च्या पानांस मात्र तशी मान्यता दिलेली नाही. म्हणून आम्हीही थोडक्यावरच भागवतो, आणि तेही वैद्यांस विचारून.

या पानाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. त्याचा पाक होत नाही. त्यावर मुरंबा टिकत नाही. कारण फळातील पाणी बांधून ठेवून त्यास बुरशीपासून वाचवणारी ती साखरच. पुरणास जे अंग येते, तेही गुळाचे. अर्थात सणाचे लाडू सणापुरते, साखरेचेच राहतात. आम्हांस तर या मर्यादा हितकारकच वाटतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असल्या बिनसाखरेच्या गोडीवर भिस्त ठेवू नये असा सल्ला दिला, आणि एकंदर आहारातीलच गोडी कमी करण्यास सुचवले. ज्यांस आधीच मधुमेह आहे, त्यांच्यासाठी हा सल्ला नव्हता. पण बाकीच्या सर्वांनी तो मनावर घेण्याजोगा आहे. साखरेची हाव तशीच ठेवून तिला नवे खाद्य पुरवणे म्हणजे सावकार बदलून कर्ज कायम ठेवण्यासारखे आहे.

मग या रोपाचा उपयोग तो काय? उपयोग एवढाच की, ज्या घरात एकास पथ्य आहे, त्या घरात इतरांस त्याच्याबरोबर चार पावले चालता येते. गोडी कमी करावयाची तर ती सर्वांनी मिळून करावी. एकट्या आजारी माणसाच्या कपातून ती काढून घेऊ नये.