न निघालेला धूर

वजन एक टन. जन्मापासून अखेरपर्यंत त्यात किलोचाही फरक नाही. रंग नाही, वास नाही. अंगावरची खूण म्हणाल तर आकड्यांची एक लांबलचक माळ. तिच्यात ‘आयएन’ ही देशाची अक्षरं आणि प्रकल्पाचा क्रमांक. मुक्काम जर्मनीतल्या बॉन शहरी, संयुक्त राष्ट्रांच्या संगणकी नोंदवहीत. मूळ गाव विचाराल तर साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार, पाटणकडचं वनकुसवडे, नाहीतर धुळे जिल्ह्यातलं ब्राह्मणवेल. पवनचक्कीचं कार्बन क्रेडिट ते हेच. आपल्याच मातीतलं म्हणून आपण त्यांना क्रेडिटराव म्हणू.

1997 साली क्योटोत धूर कमी करण्याचा करार झाला आणि 16 फेब्रुवारी 2005 रोजी तो लागू झाला. त्यात श्रीमंत देशांसाठी एक सोय होती. स्वतःचा धूर कमी करणं महाग पडत असेल तर भारतासारख्या देशात तो टाळणारं काहीतरी उभं राहू द्या आणि टळलेल्या धुराचं श्रेय विकत घ्या. पठारावर चक्की फिरली, तिची वीज ग्रीडमध्ये गेली, तेवढी कोळशाची वीज कमी लागली. अशी हजार-अकराशे युनिटं जमली की एक क्रेडिटराव जन्माला येतात. इथवर सगळं सरळ आहे. वीज खरी, मीटर खरा, वारा तर खराच.

घोळ आहे तो त्यांच्या एका हट्टात. चक्की फिरते एवढं पुरत नाही. ती आपल्यामुळेच उभी राहिली हे त्यांना सिद्ध करावं लागतं, त्याशिवाय जन्मदाखला मिळत नाही. कागदोपत्री याला अतिरिक्तता म्हणतात. त्यामुळे रावांच्या तोंडी सतत एकच पालुपद: मी नसतो तर ही चक्की नसती. आता न घडलेल्या गोष्टीला साक्षीदार कुठून आणायचा? दुष्काळाच्या वर्षांत सातारा-सांगलीकडे शेतकरी म्हणायचे, या पंख्यांनी ढग पळवले, चक्क्या नसत्या तर पाऊस पडला असता. शिकलेल्यांनी त्यांना अडाणी ठरवलं. क्रेडिटरावांनी तीच ‘नसतं तर’ची भाषा केली, सोबत एक एक्सेल शीट जोडली आणि त्यांना अनुक्रमांक मिळाला.

त्या शीटमध्ये सल्लागार एवढंच दाखवतो की क्रेडिटचे पैसे धरले नाहीत तर परताव्याचा दर ठरावीक मर्यादेच्या खाली राहतो, म्हणजे शहाणा माणूस यात पैसे घालणार नाही. वारा जरा कमी धरायचा, देखभालीचा खर्च जरा जास्त. आकडा रेषेखाली बसवता येतो. तपासनीस येतो, कागद पाहतो, सही करतो. त्याची फी प्रकल्पवालाच देतो.

आपणही एक साधा हिशेब मांडून पाहू. वनकुसवड्याच्या जुन्या यंत्रांसारखं 350 किलोवॅटचं एक यंत्र घ्या. वर्षभरात ते क्षमतेच्या वीस टक्के चाललं असं धरलं तर सहा लाख तेरा हजार युनिटं होतात. 2003 च्या आदेशानुसार महाराष्ट्रात नव्या पवनचक्कीच्या विजेला पहिल्या वर्षी युनिटमागे साडेतीन रुपये दर होता आणि तो दरवर्षी पंधरा पैशांनी वाढणार होता. म्हणजे विजेचे साधारण साडेएकवीस लाख. त्याच युनिटांतून जन्मलेले क्रेडिटराव साडेपाचशेच्या आसपास. दहा युरो भाव मिळाला तर साडेतीन लाख रुपये. रक्कम फेकून देण्यासारखी नाही. काठावर अडलेली एखादी चक्की तिच्या जोरावर उभी राहिलीही असेल.

पण पठारावर खरं वजन होतं ते दुसऱ्याच पाहुण्याचं. त्याचं नाव घसारा. चक्कीच्या किमतीचा 80 टक्के घसारा पहिल्याच वर्षी दाखवायची आयकरात मुभा होती. दोन कोटींची चक्की घेतली की एक कोटी साठ लाख नफ्यातून वजा. म्हणून तर ज्यांचा विजेशी कधी संबंध आला नाही अशा कापडवाल्यांनी आणि सिनेमावाल्यांनीही चक्क्या घेतल्या. चक्की वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी चालली तर सवलत निम्मी, आणि 31 मार्च ओलांडला तर त्या वर्षापुरतं काहीच नाही. चक्की कधी फिरू लागायची ते वाऱ्याआधी सीए ठरवायचा. अशा तयार घरात क्रेडिटराव मागाहून आले आणि पाया आपणच खणला असं सांगू लागले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

त्यांच्या बोलण्याची परीक्षा पुढे आपोआप झाली. 2008 साली वीस युरोंच्या वर गेलेला त्यांचा भाव 2012 अखेर एका युरोच्या खाली आला. त्याच वर्षी सरकारने त्वरित घसाराही काढून घेतला आणि नव्या चक्क्यांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. तेव्हा रावांना म्हणता आलं असतं, बघा, मी गेलो आणि काम थांबलं. पण 2014 मध्ये घसारा परत आला. क्रेडिटरावांची किंमत मात्र चहाच्या कपापलीकडे गेली नाही. तरी 2016-17 या एका वर्षात देशात साडेपाच हजार मेगावॅटच्या घरात नव्या चक्क्या उभ्या राहिल्या. तोवरचा तो विक्रम होता. चक्क्यांना कोणाची गरज होती हे यावरून समजावं.

अभ्यासकांनीही हे तपासलं. राफाएल कॅलेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या 1,350 पवनऊर्जा प्रकल्पांची छाननी केली. मंजूर क्रेडिटांपैकी निदान 52 टक्के अशा प्रकल्पांना गेली जे बहुधा एरवीही उभे राहिलेच असते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. यात तोटा नुसता पैशांचा नाही. 2020 पर्यंत युरोपातल्या कारखान्याने एक क्रेडिट जमा केलं की त्याला एक टन जास्त धूर सोडायची परवानगी मिळायची. इकडे टळलेला टन एरवीही टळणारच होता आणि तिकडे सुटलेला टन मात्र खरोखर सुटला. म्हणजे या व्यवहारामुळे हवेतला धूर उलट वाढला.

कारखान्यांच्या बाजारातून उतरल्यावर रावांनी दुसरा डाव मांडला तो स्वेच्छेने पैसे देणाऱ्यांच्या दारात. गणपतीला लंडनहून मुंबईला येणारा कुणी नोकरदार तिकीट काढतो. जाऊन-येऊन त्याच्या वाट्याला टनाहून थोडा जास्तच धूर येतो. तिकिटाच्या शेवटी चौकोन असतो: आपला प्रवास कार्बनमुक्त करा. एक-दोन डॉलरला टन! खरं तर त्या भावानेच त्याला शंका यायला हवी. जिथे एका मेगावॅटला सहा-सात कोटी लागतात तिथे याच्या शंभर-दीडशे रुपयांसाठी कुठली चक्की अडून बसली असेल? पण चौकोनावर टिचकी पडते, बॉनच्या किंवा दुसऱ्या कुठल्या वहीत एक राव निवृत्त होतात आणि प्रवासी निवांत झोपतो.

अलीकडे मात्र रावांची पत घसरली आहे. व्हेरा या अमेरिकी नोंदणी संस्थेने 2019 मध्येच ठरवलं की अतिमागास देश सोडले तर ग्रीडला जोडलेले नवे पवन आणि सौर प्रकल्प आता घ्यायचे नाहीत. ते स्वतःच्या पायावर उभे राहतात. ऑगस्ट 2024 मध्ये ऐच्छिक बाजाराच्या दर्जावर लक्ष ठेवणाऱ्या परिषदेने जुन्या पद्धतींच्या अक्षय ऊर्जा क्रेडिटांना आपला शिक्का नाकारला. बाजारात पडून असलेल्या मालाचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्या एका निर्णयात बाद झाला. कारण तेच: अतिरिक्तता पटली नाही.

पवनचक्कीवर यातला एकही आरोप नाही. ती कोळसा वाचवते, आणि क्रेडिट विकलं गेलं किंवा न गेलं तरी तेवढाच वाचवते. ज्याला स्वच्छ विजेसाठी पैसे द्यावेसे वाटतात त्याने खुशाल द्यावेत, देणगी म्हणून द्यावेत. फक्त ती पावती दाखवून स्वतःच्या विमानाचा धूर हिशेबातून वजा करू नये.